छोट्या कॉलेजांचा मार्च कोणी नेला?

अमेरिकेतील पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या पहिल्या दोन फेऱ्या २०२५ च्या २४ मार्चला, सोमवारी सकाळी आपल्याकडे ऑफिसची वेळ होता होता संपल्या आणि ६८ पैकी १६ संघ उरले. या सोळांत अव्वल मानांकनाचे चारही संघ आहेत, दुसऱ्या मानांकनाच्या चारांपैकी तीन आहेत, आणि सर्वांत खालच्या मानांकनाचा जो संघ टिकला तो दहाव्या क्रमांकाचा आर्कान्सा, म्हणजे ज्याला कोणत्याही अर्थाने दुबळा म्हणता येणार नाही असा. पहिल्या फेरीत तेराव्या ते सोळाव्या मानांकनाच्या सोळा संघांपैकी एकालाही सामना जिंकता आला नाही. हे २०१७ नंतर प्रथमच घडले. उरलेले सोळाही संघ केवळ चार मोठ्या कॉन्फरन्समधले, म्हणजे आपसांत नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांतले आहेत: साउथईस्टर्नचे सात, बिग टेन आणि बिग ट्वेल्व्हचे प्रत्येकी चार, आणि अटलांटिक कोस्टचा एकटा ड्यूक.

छोट्या कॉलेजांनी मोठ्यांना दिलेले धक्के हीच या स्पर्धेची गंमत, त्यामुळे तिच्यावर जीव टाकणाऱ्या आमच्या छोट्या नागपुरी वर्तुळात निराशा आहे. धरमपेठेत संध्याकाळी खेळायला येणाऱ्या मुलांपैकी एकाने मला सरळ सांगितले, "काका, यंदा मार्चमध्ये दमच नव्हता." माझ्याबरोबर कॉलेजच्या संघात खेळलेल्या मित्रांचे म्हणणे अधिक कडवट आहे, पैसा आला आणि खेळ गेला, असा त्यांचा निवाडा आहे. मला निराशा समजते, पण निवाडा अर्धवट वाटतो. छोट्या कॉलेजांतले गुणी खेळाडू नाहीसे झालेले नाहीत. ते याच स्पर्धेत, याच आठवड्यात खेळले, आणि त्यांतले बरेच जण जिंकलेही. फक्त त्यांच्या अंगावरचे बनियन मोठ्या विद्यापीठांचे होते.

ज्यांनी ही स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. १९३९ मध्ये आठ संघांनी सुरू झालेली ही स्पर्धा १९८५ पासून ६४ संघांची आणि २०११ पासून ६८ संघांची झाली. चार विभाग, प्रत्येकात एक ते सोळा मानांकन, पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी, आणि एक सामना हरला की घरी. साखळी नाही, दुसरी संधी नाही. व्यावसायिक लीगप्रमाणे सात सामन्यांची मालिका असती तर दुबळा संघ एखादा सामना जिंकून शेवटी हरलाच असता. इथे त्याला फक्त चाळीस मिनिटे पुरतात.

आणि ती चाळीस मिनिटेही दुबळ्याला अनुकूल अशी आहेत, हे आपल्याकडच्या खेळाडूंच्या लक्षात लवकर येत नाही. आपण खेळतो ते आंतरराष्ट्रीय नियमांनी: दहा-दहा मिनिटांचे चार डाव आणि चोवीस सेकंदांत बास्केटकडे प्रयत्न. अमेरिकी पुरुषांच्या कॉलेज सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन भाग असतात आणि प्रयत्नासाठी तीस सेकंद मिळतात. ही वरची सहा सेकंदे दिसायला किरकोळ आहेत. परंतु एखादा संघ ती दर वेळी पुरेपूर वापरू लागला की सामन्यातील एकूण चढायांची संख्या घटते, आणि चढाया जितक्या कमी तितका नशिबाचा वाटा मोठा. शंभर प्रयत्नांत बलाढ्य संघ हमखास वर येतो, साठांत येईलच असे नाही. त्यात तीन गुणांचे फेक लागू लागले की गणित आणखी बिघडते. गेल्या वर्षी ओकलंडच्या जॅक गोल्कीने केंटकीविरुद्ध दहा थ्री-पॉइंटर मारून ३२ गुण काढले आणि चौदाव्या मानांकनाच्या संघाने ८०-७६ असा सामना घेतला, तेव्हा हेच घडले होते.

तिसरी गोष्ट मात्र नियमांतली नाही, ती वयातली आहे. मोठ्या विद्यापीठांत अठरा-एकोणीस वर्षांची असामान्य मुले एका हंगामासाठी येतात आणि एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये निघून जातात. छोट्या कॉलेजांत मात्र तीच पाच माणसे तीन-चार वर्षे एकत्र खेळतात. कोण कुठे वळणार, कोणाला चेंडू छातीशी लागतो आणि कोणाला डोक्यावर, हे त्यांना न बघता कळते. २०१८ मध्ये यूएमबीसी या मेरीलँडमधल्या विद्यापीठाने व्हर्जिनियाला ७४-५४ असे हरवले, तो सोळाव्या मानांकनाचा पुरुषांच्या स्पर्धेतला पहिला विजय. २०२२ मध्ये जर्सी सिटीचे सेंट पीटर्स केंटकीला नमवून शेवटच्या आठांत पोहोचले. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ असे बाहेर काढले. तो संघ तर डेटनच्या पात्रता सामन्यातून आलेला, अमेरिकी कॉलेजांच्या संपूर्ण पहिल्या श्रेणीत उंचीने सर्वांत कमी, आणि समोर सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. आमच्या संघातला एक ठेंगणा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, तो सामना आजही मोबाइलवर जपून आहे. आपल्याकडे उंचीवरून मुलांना संघाबाहेर ठेवणाऱ्या प्रत्येक क्रीडा शिक्षकाला तो सक्तीने दाखवावा, असे त्याचे मत आहे, आणि त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे.

या वर्षीही अशी उदाहरणे अगदीच नव्हती असे नाही. गुरुवारची मध्यरात्र उलटून शुक्रवार लागल्यावर मॅकनीज आणि क्लेमसन यांचा सामना सुरू झाला. बाराव्या मानांकनाच्या मॅकनीजने असा झोन, म्हणजे जागा वाटून घेऊन करायचा बचाव, लावला की पाचव्या मानांकनाच्या क्लेमसनला मध्यंतरापर्यंत तेरा गुणच करता आले. फलक ३१-१३ दाखवत होता. उत्तरार्धात क्लेमसनने बरेच अंतर कापले, तरी ६९-६७ असा निकाल मॅकनीजकडे राहिला आणि त्या कॉलेजला या स्पर्धेतला पहिलावहिला विजय मिळाला. या संघाचा या हंगामातला सर्वांत प्रसिद्ध माणूस खेळाडू नव्हता, विद्यार्थी-व्यवस्थापक होता, खांद्यावर भलामोठा स्पीकर घेऊन संघाला मैदानावर आणायचा, जाहिरातींचे करार मिळवायचा, आणि त्याचे नाव आमिर खान. हे सांगितल्यावर आमच्या घरातील मंडळींनी प्रथमच या स्पर्धेत रस दाखवला.

ड्रेकची गोष्ट मला अधिक आवडली. त्यांचे या हंगामातले प्रशिक्षक बेन मॅककॉलम हे दुसऱ्या श्रेणीतल्या नॉर्थवेस्ट मिसुरी स्टेटमध्ये चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून या वर्षी ड्रेकला आले, आणि येताना तिथले आपले चार खेळाडू घेऊन आले. अमेरिकेत दुसऱ्या श्रेणीचा खेळाडू म्हणजे ज्याच्याकडे मोठ्या कॉलेजांनी शाळेत असताना वळूनही पाहिले नाही असा. या मुलांनी मिसुरीसारख्या वेगवान संघाला आपल्या संथ चालीवर आणले. तीस सेकंदांतली पंचवीस घ्यायची, बेनेट स्टर्ट्झच्या हातात चेंडू ठेवायचा, घाई म्हणून करायची नाही. ६७-५७. आपल्याकडे संथ खेळणाऱ्याला प्रेक्षक लगेच भेकड ठरवतात. त्यांनी या सामन्यात मिसुरीच्या खेळाडूंचे चेहरे पाहायला हवे होते.

मग बाकीचे छोटे संघ कुठे कमी पडले? माझ्या मते ते स्पर्धेला येण्यापूर्वीच रिकामे झाले होते. २०२१ च्या वसंतात अमेरिकी कॉलेज खेळाडूंना एकदा विद्यापीठ बदलून ताबडतोब खेळण्याची मुभा मिळाली, त्याच वर्षी जुलैपासून स्वतःच्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे घेण्याची परवानगी मिळाली, आणि २०२४ मध्ये कितीही वेळा कॉलेज बदला, अभ्यासाच्या अटी पाळा म्हणजे झाले, इथवर गोष्ट आली. त्यापूर्वी कॉलेज बदलणाऱ्याला बहुधा एक हंगाम बाहेर बसावे लागे. हे बसणेच छोट्या कॉलेजांचे कुंपण होते. ते गेले, आणि लहान गावात चमकलेला मुलगा पुढच्याच वर्षी मोठ्या गावात दिसू लागला.

नावे घेतो, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. ऑबर्नचा आधारस्तंभ जॉनी ब्रूम हा मूळचा मोरहेड स्टेटचा. फ्लॉरिडाचा वॉल्टर क्लेटन हा आयोनाचा. २०२३ मध्ये त्याच आयोनाला यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठ) पहिल्याच फेरीत घरी पाठवले होते. क्लेटनचा सहकारी अलाइजा मार्टिन आणि मिशिगनचा व्लाद गोल्डिन हे दोघे २०२३ मध्ये फ्लॉरिडा अटलांटिकच्या त्या अद्भुत संघात होते, जो नवव्या मानांकनावरून शेवटच्या चारांत गेला आणि शेवटच्या क्षणी एका गुणाने हरला. त्या संघाचे प्रशिक्षक डस्टी मे हेही आता मिशिगनला आहेत. गेल्या वर्षी आठच सामने जिंकलेले मिशिगन या वर्षी सोळांत आले, त्याचे इंगित इथे आहे. टेक्सास टेकचा जेटी टॉपिन गेल्या वर्षी न्यू मेक्सिकोकडून याच स्पर्धेत खेळला होता. न्यू मेक्सिकोने त्याच्याविना मार्केट विद्यापीठाला हरवून दाखवले, हे त्या संघाचे आणि त्याचे या हंगामातले प्रशिक्षक रिचर्ड पिटिनो यांचे मोठेच श्रेय. टेनेसीचा नेमबाज चॅझ लॅनियर नॉर्थ फ्लॉरिडातून आला. एखाद्याने हौसेखातर या सर्वांना त्यांच्या जुन्या कॉलेजांत परत बसवून तक्ता नव्याने आखला, तर पहिल्या फेरीतले किती निकाल जसेच्या तसे राहतील याची मला शंका आहे.

निवड समितीविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती वाचून आपल्याकडील कोणत्याही संघटनेच्या माणसाला आपलेपणा वाटेल. शेवटच्या जागांमध्ये नॉर्थ कॅरोलिनाला प्रवेश मिळाला आणि वेस्ट व्हर्जिनिया बाहेर राहिले. समितीचे अध्यक्ष होते नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचेच क्रीडा संचालक. नियमाप्रमाणे आपल्या संघाची चर्चा चालू असताना ते खोलीबाहेर जातात, त्याप्रमाणे गेले. नॉर्थ कॅरोलिनाने सॅन दिएगो स्टेटला ९५-६८ असे झोडपून टीकाकारांची तोंडे बंद केली, आणि मग ओल मिसकडून (मिसिसिपी विद्यापीठ) हरून ती पुन्हा उघडली.

आता दुसऱ्या फेरीकडे येतो, कारण "दम नव्हता" हे म्हणणे तिथे टिकत नाही. रविवारी रात्री घराघरांत चेन्नई आणि मुंबई यांचा आयपीएल सामना चालू असताना इकडे फ्लॉरिडा आणि यूकॉन लढत होते. लागोपाठ दोन वर्षांचा विजेता, स्पर्धेत सलग तेरा सामने जिंकलेला यूकॉन संघ या वर्षी आठव्या मानांकनावर घसरलेला होता, तरी त्याने फ्लॉरिडाला शेवटच्या काही मिनिटांपर्यंत श्वास घेऊ दिला नाही. क्लेटनने अखेरीस मोठे फेक टाकले आणि ७७-७५ असा निकाल लागला. गोन्झागाने ह्यूस्टनला ८१-७६ पर्यंत खेचले आणि सलग नऊ वेळा शेवटच्या सोळांत जाण्याची त्यांची परंपरा तिथे खंडित झाली. बीवाययूने (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) विस्कॉन्सिनला ९१-८९ असे हरवले. आणि सोमवारी उजाडताना मेरीलँड-कोलोरॅडो स्टेट. शेवटच्या काही सेकंदांत कोलोरॅडो स्टेटच्या जॅलन लेकने तीन गुणांचा फेक लावून ७१-७० अशी आघाडी घेतली. मेरीलँडने टाइम-आउट घेतला तेव्हा ३.६ सेकंद उरले होते. चेंडू मेरीलँडच्या डेरिक क्वीनकडे आला, तो डावीकडून घुसला, बोर्डवर आपटून चेंडू आत गेला आणि वेळ संपल्याचा दिवा लागला. त्याने पावले जास्त घेतली का, यावर आमच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये दिवसभर वाद चालला.  गणेशपेठेतल्या आमच्या मित्राने ती झलक पुन्हापुन्हा पाहून पावले न्याय्य असल्याचा निर्वाळा दिला. मला स्वतःला ती जास्त वाटली. पण शेवटच्या सेकंदाला पावलांसाठी शिटी वाजवणारा पंच मी नागपुरातही पाहिलेला नाही.

सौंदर्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट आणि नाट्याच्या दृष्टीने सर्वांत उत्तम सामना आर्कान्सा आणि सेंट जॉन्सचा झाला. आर्कान्साच्या बाकावर प्रशिक्षक जॉन कॅलिपारी, सेंट जॉन्सच्या बाकावर प्रशिक्षक रिक पिटिनो. दोघेही कधी ना कधी केंटकीचे, दोघांचे एकमेकांवरचे प्रेम जगजाहीर. दुसऱ्या मानांकनाच्या सेंट जॉन्सने तीन गुणांचे बावीस प्रयत्न केले आणि दोन लागले. आर्कान्साचे एकोणीसपैकी दोन लागले. इतकी वाईट नेमबाजी आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यातही क्वचित दिसेल, आणि तीही सिमेंटच्या कोर्टवर वारा सुटलेला असताना. सेंट जॉन्सचा सर्वोत्तम खेळाडू आरजे लुईस याचे सतरापैकी तीनच फेक लागले आणि शेवटच्या जवळजवळ पाच मिनिटांत पिटिनो यांनी त्याला बाकावर बसवून ठेवले. हा निर्णय मला आजही पटलेला नाही. ज्या मुलाने तुम्हाला हंगामभर खांद्यावर वाहिले, तो त्या रात्री चुकत असेल तरी चेंडू त्याच्याच हातात असायला हवा, निदान प्रतिस्पर्ध्याला त्याची भीती तरी राहते. ७५-६६ असा आर्कान्सा जिंकला. याला कागदावर दहाव्या मानांकनाचा धक्का म्हणतील, पण कॅलिपारी यांच्या पगाराकडे आणि त्यांनी जमवलेल्या मुलांकडे पाहता हा धक्का श्रीमंताने श्रीमंताला दिलेला आहे.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे की खेळाचा दर्जा वाढला आणि स्पर्धेची गंमत घटली, आणि या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. चांगले खेळाडू थोड्या संघांत एकवटले की ते संघ एकमेकांशी उत्तम लढतात, आणि त्यांच्यासमोर पहिल्या फेरीत येणाऱ्यांचे ७८-४० किंवा ९३-४९ होते.

मात्र हे नागपुरात बसून म्हणताना जरा सांभाळून म्हणावे लागते. याच महिन्याच्या सुरुवातीला जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला, तेव्हा पहिल्या डावात ८६ आणि दुसऱ्या डावात १३५ धावा करणारा करुण नायर हा कर्नाटकातून आपल्याकडे आलेला होता. २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा करंडक आला तेव्हा वसीम जाफर मुंबईहून आलेला होता आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही. आपण तेव्हा छोटे होतो आणि बाहेरून आलेल्या माणसांमुळे मोठे झालो. त्या वेळी कोणी खेळ गेला असे म्हटल्याचे मला आठवत नाही, उलट मिरवणुका निघाल्या. खेळाडूचे स्थलांतर वाईट आणि आपल्या गावाकडे झालेले स्थलांतर चांगले, असे म्हणायचे असेल तर तसे उघड म्हणावे.

शिवाय आपल्या बास्केटबॉलमध्ये हे वर्षानुवर्षे चालत आलेले आहे, फक्त त्याला अमेरिकेसारखे कॉलेज बदलण्याची नोंद करणारे पोर्टल नाही. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा महिला संघ इतका प्रबळ का, याचे उत्तर प्रत्येक पालकाला ठाऊक आहे: रेल्वे नोकरी देते. आपल्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतही ज्या कॉलेजात खेळाडूंना प्रवेश आणि फीची सवलत मिळते तिथे चांगली मुले गोळा होतात, आणि बाकीची कॉलेजे पहिल्या फेरीत त्यांच्यासमोर पन्नास गुणांनी हरायला येतात. धरमपेठेत किंवा शिवाजीनगरात दहा-दहा वर्षे एखाद्या मुलाला घडवणाऱ्या प्रशिक्षकाच्या वाट्याला यातले काही येत नाही. माझ्या एका सरांचे तीन विद्यार्थी एकाच वर्षी दुसऱ्या संघांत गेले, तेव्हा सरांना वाईट वाटले का, असे मी विचारले होते. "नोकरी लागली ना त्यांना? मग झालं," एवढेच ते म्हणाले आणि नव्या मुलांना ले-अप शिकवायला गेले. अमेरिकेत निदान त्या मुलांना आता पैसे उघड मिळतात. पूर्वी त्यांच्या खेळावर विद्यापीठे आणि वाहिन्या कोट्यवधी कमवीत आणि मुलांना शिष्यवृत्तीवर भागवावे लागे, हे तर त्याहून वाईट होते. मला सुचणारी दुरुस्ती इतकीच आहे की ज्या छोट्या कॉलेजाने खेळाडू घडवला त्याला तो जाताना काही मोबदला मिळावा, जसा फुटबॉलमध्ये खेळाडू घडवणाऱ्या क्लबला मिळतो. ड्रेकसारखे संघ मग उभे तरी राहतील.

पुढची फेरी अमेरिकेत गुरुवारी, २७ मार्चच्या रात्री सुरू होते. त्यातला एक सामना मी चुकवणार नाही, तो मिशिगन आणि ऑबर्नचा, आपल्याकडे शनिवारी सकाळी सातच्या सुमारास. मिशिगनकडे गोल्डिनबरोबर सात फुटी डॅनी वुल्फ आहे, जो गेल्या वर्षापर्यंत येलला होता. येल हे आयव्ही लीगमधले, खेळासाठी शिष्यवृत्ती न देणारे विद्यापीठ. गेल्या मार्चमध्ये तेराव्या मानांकनाच्या येलने चौथ्या मानांकनाच्या ऑबर्नला ७८-७६ असे हरवले तेव्हा वुल्फ त्या संघात होता आणि ब्रूम समोर होता. या वर्षी येल पुन्हा आले आणि टेक्सास ए अँड एमकडून ८०-७१ असे हरले. दोन दिवसांनी डेन्व्हरच्या त्याच मैदानावर वुल्फच्या मिशिगनने टेक्सास ए अँड एमला ९१-७९ असे बाहेर काढले. आता पुन्हा वुल्फ आणि ब्रूम समोरासमोर येणार आहेत. ऑबर्न अव्वल मानांकित आहे आणि जिंकण्याचा संभव त्यांचाच अधिक आहे, पण मी मिशिगनच्या बाजूने बसणार आहे; धरमपेठेतल्या मुलांनाही बोलावले आहे, त्यांनी सकाळी उठण्याचे कबूल केले तर.